पाठीवरची वीण

धुळ्याच्या देवपुरातल्या गच्चीवर सुनंदाअक्कांनी तीस उन्हाळे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले आणि तीस वर्षांत एक पाटी म्हणून कधी लावली नाही. पहाटे ज्वारीचा घाटा शिजवायचा, त्यात तीळ, लसूण, मिरची. मग ओल्या हाताने जुन्या सुती लुगड्यावर एकेक बिबडा थापायचा. वाळले की लुगडं उलटं करून पाठीवर पाणी शिंपडायचं, की सुटले अलगद. गिऱ्हाईक आपल्या पायांनी दारात येई.

यंदा अक्कांचा खांदा धरला आणि सगळा कारभार सुनेकडे, नूतनकडे आला. अक्कांचं नाव आता तिच्या हातात होतं. धाकटा दीर नवीन म्हणाला, वहिनी, काळजी कशाला, आपण रील टाकू.

टाकली. लोकांनी घाट्याचं कौतुक केलं, पण लुगड्यावरून खिदळले. कुणी म्हणे साडीवर जेवण, कुणी म्हणे किती गबाळं. नूतनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने दुसऱ्याच दिवशी बाजारातून निळंशार प्लास्टिक आणलं आणि लुगडं घडी घालून पेटीत टाकलं. अक्का काहीतरी बोलायला गेल्या, पण सुनेचा उत्साह बघून तीळ निवडायला बसल्या.

निळ्यावर पांढरे बिबडे दिसले मात्र झकास! आठ लाख लोकांनी पाहिले. नूतन भाजी चिरताना फोन बघायची, जेवताना बघायची. बदाम आणि टाळ्यांचा नुसता पाऊस. बिबडे मागणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुण्याच्या एका बाईने विचारलं, यात चीज घालता का? नूतनने, खरं सांगायचं तर, घालूनही पाहिलं.

मग साक्रीचे गिरधरनाना आले. तिन्ही लेकींच्या घरी बिबडे पाठवायचे म्हणून दरवर्षी एसटीने येणारा म्हातारा. पाणी प्यायले, अक्कांच्या खांद्याची चौकशी केली, एक बिबडा उचलला, उलटा केला आणि पाठीवरून अंगठा फिरवला. पाठ काचेसारखी गुळगुळीत. त्यांनी तो अलगद परत ठेवला.

"हाऊ तुमना बिबडा नही शे, अक्का," ते अहिराणीत म्हणाले. "बठ्ठा मालच असा शे का?"

सगळा माल तसाच होता. अक्कांनी मान खाली घातली. नाना रिकाम्या पिशवीनिशी परत गेले.

नूतन आधी भडकली. आठ लाख लोकांना आवडतो आणि या एका म्हाताऱ्याला नाही! अक्का वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी डब्याच्या तळाशी राहिलेला गेल्या वर्षीचा बिबडा आणि एक नवा, दोन्ही निखाऱ्यावर भाजले. जुना फुलला, खरपूस झाला. नवा कडेला करपला आणि मध्ये कच्चाच राहिला, आंबूस वास सुटला. लुगडं खालचं पाणी पिऊन घेतं, प्लास्टिक ते बिबड्यातच कोंडतं. जुन्याच्या पाठीवर लुगड्याची वीण धाग्या-धाग्यासकट उठली होती. नूतनने तिच्यावरून बोट फिरवलं आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. ज्या कापडाला लोक हसले, तीच अक्कांची सही होती, आणि ती तिने पेटीत कोंबली होती.

त्या दुपारी तिने सगळा माल शेजारच्या म्हशींना घातला. नवीन कपाळाला हात लावून बसला. गुरुवारी जळगावची एक शूटिंगवाली मंडळी यायची होती, त्यांना निळी गच्ची हवी होती.

"त्यांना सांग, येऊ नका," नूतन म्हणाली.

"वहिनी, लोक आपल्याला विसरतील."

"विसरू देत. जे मला ओळखतच नाहीत, त्यांच्या विसरण्याला मी कशाला भिऊ? मला नानांनी ओळखलं नाही, ते जास्त लागलंय."

तिने लुगडं काढलं, धुतलं, पसरलं. पुन्हा घाटा, पुन्हा उन्हात कंबर मोडणं. पाकिटावर घरचं नाव घातलं आणि त्याखाली दोनच शब्द छापून घेतले: उलटून बघा. चीज नाही, चार रंग नाहीत. एकच बिबडा, एकच पाठ. नवीनने त्या पाठीचं चित्र टाकलं, तर दोनशे जणांनी पाहिलं. नूतनने फोन पालथा ठेवला आणि साक्रीची एसटी धरली.

नाना ओसरीवर होते. पाकीट हातात घेऊन त्यांनी छापलेले शब्द वाचले, हसले आणि न उघडताच आत द्यायला निघाले. तू स्वतः एवढ्या लांब आलीस, आता काय बघायचं, असं म्हणाले.

नूतनने पाकीट त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि टरकन फाडलं.

"नाही नाना. न बघता मी कोणालाच देणार नाही. तुम्हालाही."

नानांनी बिबडा उलटा केला. अंगठा पाठीवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश गेला.

"हां," नाना म्हणाले. "हाऊ शे तुमना."