डावा गुलाम

मागच्या अध्यक्षीय निवडणुकीत वेंडेल स्ट्राउडने व्हर्न गार्लंडचा पुढचा दात पाडला होता, आणि त्याच्या आधीच्या निवडणुकीत व्हर्नने वेंडेलची बरगडी मोडली होती. दोन्ही वेळा भांडण उमेदवारांवरून झालं आणि दोन्ही वेळा उमेदवारांना त्याचा पत्ताही नव्हता. ग्रँट्स फोर्डमध्ये कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. दोघे शाळेपासूनचे मित्र, दोघांचेही हात शिवशिवणारे. ओहायो नदीकाठच्या या गावात दर चार वर्षांनी कुणाचं ना कुणाचं नाक फुटतंच.

यंदा मात्र वेंडेलच्या मुलीच्या, ट्रिनाच्या, जिवाला घोर लागला होता. कारण मतपत्रिकेवर वरती अध्यक्षपदाची नावं होती, आणि अगदी तळाशी पोलीसपट्टी होती. घरांवर थोडा जादा कर बसवायचा आणि त्यातून गावच्या पोलिसांचे पगार भागवायचे. मतदानात पट्टी नामंजूर झाली तर अर्धे पोलीस घरी बसणार होते, आणि त्यांत पहिला नंबर ट्रिनाचा नवरा डग प्रूइट याचा, कारण तो सगळ्यांत नवा. काचेचा कारखाना बंद पडला तेव्हा डग असाच घरी बसला होता. त्या काळात त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीला मुठीने पाडलेली भोकं ट्रिनाने कॅलेंडर लावून झाकली होती. पुन्हा तसं वर्ष काढायची तिच्यात ताकद नव्हती.

आणि या पोलीसपट्टीच्या प्रचाराचा चेहरा होता वेंडेल. आयुष्यभर गावचा पोलीसप्रमुख, निवृत्त होऊनही सगळ्यांचा ‘चीफ’. चौकाचौकात त्याचा फोटो आणि खाली त्याचंच वाक्य: ‘मी तुमच्याशी कधी खोटं बोललो नाही.’ ते खरंही होतं. खोटं बोलत होती ती ट्रिना.

ऑगस्टमध्ये शहरातल्या डॉक्टरने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की वडिलांचा मेंदू झपाट्याने विझतोय, गाडी आणि बंदूक ताबडतोब काढून घ्या. गाडीची किल्ली तिने मोतीबिंदूचं निमित्त करून लपवली. पिस्तूल राहू दिलं. चीफच्या कमरेला पिस्तूल दिसलं नसतं तर गावाने पहिला प्रश्न तोच विचारला असता. निवडणूक होईपर्यंत कसंबसं रेटायचं, मग बघू, असं तिने ठरवलं. गेल्या आठवड्यात वेंडेलने तिला चोर समजून तिचा हात पिरगाळला आणि तिचं डोकं फ्रिजवर आपटलं. तळघराच्या जिन्यावरून पडले, असं तिने डगला सांगितलं. दुहेरी पाळ्या करून डोळे तारवटलेल्या डगने ते मानलं. बिचारा बायकोवर विश्वास ठेवणाऱ्यांतला होता.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दुपारी चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट कालवणाचं, जेवण आणि यूकर या पत्त्यांच्या खेळाचे डाव होते. भिंतीवरच्या टीव्हीवर अध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांची, एका गव्हर्नरची आणि एका सिनेटरची, वादसभा पुन्हा दाखवत होते. गव्हर्नर म्हणत होता, मी कधीच कर वाढवले नाहीत. सिनेटर म्हणत होती, हा माणूस श्वास घेतो तितक्या सहज खोटं बोलतो. हॉलमधले निम्मे लोक टाळ्या वाजवत होते आणि निम्मे टीव्हीला शिव्या देत होते.

चिलीच्या रांगेत व्हर्नने ट्रिनाला गाठलं. त्याच्या अंगणात दोन पाट्या होत्या, ‘आम्ही पोलिसांच्या पाठीशी’ आणि ‘पोलीसपट्टी नको’, आणि त्या शेजारी शेजारी लावताना त्याला जराही अडचण वाटली नव्हती. पण आज त्याला पट्टीबद्दल बोलायचं नव्हतं.

“पोरी, मंगळवारी तुझ्या बापाने मला रस्त्यात थांबवून लेस्टर म्हणून हाक मारली,” तो हळूच म्हणाला. “लेस्टर माझा भाऊ. त्याच्या शवपेटीला वेंडेलने खांदा दिलाय. खरं सांग, बरा आहे ना तो? कमरेला पिस्तूल लावून हिंडतोय.”

ट्रिनाला वाटलं, सांगून टाकावं, इथेच, आत्ता. पण पलीकडच्या टेबलावर लोक वेंडेलशी हात मिळवून मत द्यायचा शब्द देत होते.

“त्यांच्या कानातलं यंत्र बिघडलंय,” ती म्हणाली. “आणि तू हे निवडणुकीच्या तोंडावर विचारतोस, होय ना, व्हर्न? एवढ्यासाठी माझ्या बापाला वेडा ठरवणार?”

व्हर्न ओशाळला. खाली बघत त्याने वाडग्यात चिली घेतली आणि निघून गेला. स्वतःची किळस येऊन ट्रिनाने वाडगा न भरताच रांग सोडली.

डावाला चौघे बसले. वेंडेल आणि ट्रिना एका बाजूने, व्हर्न आणि त्याची बायको ओपल दुसऱ्या बाजूने. तोंडं सुरूच होती. व्हर्न म्हणाला की गव्हर्नर निदान आपल्या खिशात हात घालत नाही. वेंडेल म्हणाला, “दरोडा पडल्यावर गव्हर्नरलाच फोन कर मग. पाठीशी उभा राहतोस, पैसे मागितले की पाठ दाखवतोस.” आजूबाजूचे हसले. व्हर्नही हसला. तेवढ्यापुरता ट्रिनाला तिचा जुना बाप दिसला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

हुकूम बदाम ठरला होता. वेंडेलने चौकटचा एक्का टाकला. व्हर्नकडे चौकट नव्हती, त्याने बदामची नव्वी मारून एक्का कापला. मग पुढच्या हाताला त्याने पान उतरलं, चौकटचा गुलाम.

आता यूकरमध्ये बदाम हुकूम असला की चौकटचा गुलाम आपला रंग सोडून बदामात जाऊन बसतो. त्याला डावा गुलाम म्हणतात. ग्रँट्स फोर्डमध्ये पोरांना हे बुटाची नाडी बांधण्याआधी कळतं. ट्रिनाला ते वेंडेलनेच शिकवलं होतं, मांडीवर बसवून.

वेंडेलने त्या गुलामाकडे टक लावून पाहिलं. “रंग चोरलास तू,” तो म्हणाला. “चौकट हातात असताना माझा एक्का कापलास.”

व्हर्नला वाटलं, थट्टा चाललीय. “डावा आहे, चीफ. बदाम हुकूम.”

“चोर आहेस.”

शेजारच्या टेबलांवरचे डाव थांबले. वेंडेलने मुलीकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. चुकतंय ते आपलंच की काय, हे तो तिला विचारत होता. एक शब्द पुरला असता. पण सगळा हॉल बघत होता.

“जाऊ दे, पुन्हा वाटू,” ट्रिना म्हणाली.

“का म्हणून?” व्हर्नचा आता पारा चढला. रांगेतलं त्याला आठवलं होतं. “त्याला सांग ना तो डावा आहे म्हणून. मला खोटं पाडलंस मघाशी. या माणसाला डावा गुलाम आठवत नाही आणि तो आम्हाला सांगणार गावाला किती पोलीस लागतात?”

वेंडेलने बसल्या जागेवरून टेबल उलथलं. वाडग्यातली वाफाळती चिली ओपलच्या मांडीवर सांडली, ती किंचाळली. बायकोला भाजलेलं बघून व्हर्नने वेंडेलच्या तोंडावर ठोसा मारला, आणि तो मागच्या निवडणुकांसारखा मित्राचा ठोसा नव्हता. वेंडेलचा ओठ फाटला. त्याने घडीची लोखंडी खुर्ची उचलून व्हर्नच्या डोक्यात घातली. हाड मोडल्याचा आवाज ट्रिनाने ऐकला. व्हर्न गुडघ्यांवर आला, तरी त्याने वेंडेलचे पाय ओढले. दोघे रक्तात आणि राजम्यात लोळले. शेजारच्या टेबलांवरच्या चौघांनी त्यांना सोडवायला धाव घेतली, आणि तेवढ्यात वेंडेलचा हात कमरेकडे गेला.

पहिली गोळी छताला लागली. दुसरी व्हर्नच्या पोटात.

हॉल दारांतून, खिडक्यांतून बाहेर सांडला. पडलेल्यांना लोकांनी तुडवलं. आत राहिले ते व्हर्न, त्याच्या पोटावर आपला कोट दाबून बसलेली ओपल, भिंतीला पाठ लावलेला वेंडेल आणि ट्रिना. टीव्हीवर गव्हर्नर पोलिसांबद्दलचा आदर व्यक्त करत होता.

“डॅडी, मी ट्रिना आहे. ते खाली ठेवा.”

“ट्रिना शाळेत गेलीय,” वेंडेल म्हणाला. पिस्तूल त्याने तिच्याकडे वळवलं.

गावात त्या दुपारी एकच पोलीस कामावर होता. डग दारातून पिस्तूल रोखून आत आला, आणि समोर सासरा बघून जागीच थबकला. पोलिसात भरती होताना त्याच्या छातीवर बिल्ला याच माणसाने लावला होता.

“चीफ, मी डग.”

“हा गणवेश कुणाला मारून काढलास?” वेंडेलने विचारलं. पिस्तूल आता डगच्या छातीवर होतं.

डग हळूहळू आपलं पिस्तूल खाली करू लागला. आपल्याला बघून म्हातारा शांत होईल अशी त्याची खात्री होती, कारण तो बरा आहे असं बायकोने सकाळीच सांगितलं होतं. तो एक पाऊल पुढे झाला. वेंडेलने दोन्ही हातांनी पिस्तूल धरून नेम पक्का केला. पिस्तूल चालवण्यातलं मात्र तो काहीच विसरला नव्हता.

“ट्रिना,” सासऱ्यावरची नजर न काढता डग म्हणाला, “मला ओळखतात ना ते?”

हो म्हटलं तर डग आणखी पुढे जाणार होता. नाही म्हटलं तर काय होणार हेही तिला ठाऊक होतं. त्या खोलीत पोलिसाची मुलगी आणि पोलिसाची बायको ती एकटीच होती. खाली पडलेला व्हर्न डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत होता.

“नाही,” ट्रिना म्हणाली. “मलाही नाही.”

डगने हात वर केला आणि गोळी झाडली. एकदा, आणि मग आणखी एकदा, जसं वेंडेलनेच त्याला शिकवलं होतं. वेंडेल भिंतीवरून घसरत खाली बसला. त्याच्या बुटाखाली पत्ते चिकटले होते. ट्रिनाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो तिला कुणी परकी बाई समजून ‘थँक यू, मॅडम’ म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी राज्याचे तपास अधिकारी आले. त्यांनी डग आणि ट्रिनाला त्याच हॉलमध्ये, धुतलेल्या पण अजून ओल्या फरशीवर, एका टेबलाशी बसवलं. व्हर्न वाचेल असं रुग्णालयातून कळलं होतं. अधिकाऱ्याने डगला विचारलं की तुम्ही पिस्तूल खाली करत होतात, मग गोळी का झाडलीत.

“ही म्हणाली, ते मला ओळखत नाहीत,” डग म्हणाला. त्याचे हात टेबलावर निपचित पडले होते. “आजच अचानक झालं असेल. सकाळी अगदी बरे होते.”

अधिकारी ट्रिनाकडे वळला. हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं, असं त्याने विचारलं.

तिच्या मनगटावरचा पिवळा पडत चाललेला डाग दिव्याखाली स्पष्ट दिसत होता. तिने बाही खाली ओढली नाही.

“ऑगस्टपासून,” ती म्हणाली.

डगने मान उचलून तिच्याकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, आणि खुर्ची सरकवून तिच्यापासून लांब बसला.