एकाहत्तरावं पान

"आणि एकाहत्तराव्या पानावर," सरांनी चष्म्यावरून वर्गाकडे पाहिलं, "कोण उगवतं?"

"गबाळ्या!" अख्खा वर्ग ओरडला.

हा सरांचा हुकमी विनोद. मध्ययुगीन साहित्य शिकवता शिकवता त्यांनी वीस वर्षं एकाच हस्तलिखितापायी घालवली होती. सहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी एका दीर्घकाव्याची शंभर पानांची नक्कल केली होती. सरांच्या मते नक्कल करणारे दोघे होते. सत्तर पानं मोत्यांसारख्या अक्षराची, पुढची तीस या गबाळ्याची. त्यावरचं पुस्तक उद्या छापायला जायचं होतं.

"फळ्यावर लिहा कुणीतरी," सरांनी खडू पुढे केला. पहिल्या बाकावरची मुलगी उठली. खडूची ॲलर्जी झाल्याचं सर सहा महिने सांगत होते.

संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर हस्तलिखिताचे फोटो पसरले होते. सरांच्या पत्नी, बाई, ताटं घेऊन आल्या. तीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या बाईंना पसाऱ्याचं भारी वावडं. फोटो गोळा करता करता त्या थबकल्या.

"अहो, हा दुसरा माणूस कशावरून?"

"अगं, अक्षर बघ. नुसते कुत्र्यामांजराचे पाय!"

"हात कापतोय त्याचा. तेही एकाएकी नाही, अठ्ठावन्नाव्या पानापासूनच. ओळ संपेपर्यंत अक्षर बारीक होत जातंय, बघा. तुम्ही मात्र एकाहत्तरला माणूसच बदलून टाकलात!"

"तुला कधीपासून हे वाचता यायला लागलं?"

"वाचता नाही येत. हात कळतात."

सरांनी भिंग घेतलं. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. जेवण गार झालं. मग ते हळूच म्हणाले, "एवढी खात्री कशी गं तुझी?"

"तुम्ही तपासलेले पेपर बघतेय ना. शेरे किती बारीक झालेत."

सरांनी उजवा हात टेबलाखाली नेला. बाईंनी तो तिथेच धरला. "सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. नंबर लावलाय मी."

सरांना स्वतःबद्दलची भीती तर होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. "वीस वर्षं पोरांना हसवलं गं त्याच्यावर. आणि तो बिचारा असल्या हाताने त्रेचाळीस पानं लिहीत बसला होता."

त्यांनी प्रकाशकाला फोन लावला. गबाळ्यावरची दोन प्रकरणं काढायची म्हटल्यावर तो भडकला. सरांनी सगळं निमूटपणे ऐकून घेतलं आणि पुस्तक थांबवलं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात म्हणाले, "काल आपण गबाळ्यापाशी थांबलो होतो." पोरं हसायच्या तयारीत बसली.

"गबाळ्या कुणी नव्हताच. पहिलाच माणूस होता तो, हात थरथरायला लागलेला. चूक माझी होती."

सवयीने पहिल्या बाकावरची मुलगी खडू घ्यायला उठली.

"बस तू," सर म्हणाले.

ते फळ्याकडे वळले आणि शंभराव्या पानावरची शेवटची ओळ लिहू लागले. अक्षरं कापत होती, पुढे पुढे बारीक होत होती. वेळ लागला. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि ती ओळ वहीत उतरवून घेतली.