मिस ओलेटांच्या हाताला झेपेल असं

बाई दुकानात आली की सगळ्यात छोटं पिस्तूल काचेवर ठेवायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. छोटा हात, छोटं पिस्तूल, एवढीच आमची अक्कल. त्या शनिवारी मिस ओलेटा हारगिस मुलाला घेऊन आल्या, तेव्हाही माझा हात आपसूक तिकडेच गेला.

मिस ओलेटांनी मला लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकवलंय, त्यामुळे त्यांच्यापुढे मी अजून टोपी काढतो आणि लग्न झालेलं असूनही, गावच्या रीतीप्रमाणे, त्यांना मिसच म्हणतो. वय एकोणऐंशी, बोटं संधिवाताने वाकडी झालेली. नवरा गेल्यापासून गावाबाहेरच्या घरात कोंबड्या पाळून एकट्या राहतात. शेरीफला फोन केला तर माणूस पोचायला पाऊण तास लागतो. मुलगा लिंडन लिटल रॉक शहरात असतो आणि त्याने आईसाठी गॅरेजवरची खोली तयार करून ठेवली होती.

"हे बघ व्हर्ल," लिंडन मला म्हणाला, "आईने आपल्यासमोर पिस्तूल स्वतः भरलं, पाच गोळ्या झाडल्या आणि परत रिकामं केलं, तर ती तिच्या घरी राहील. नाही जमलं तर महिनाअखेरीस माझ्याकडे. असं ठरलंय आमचं."

"ठरलंय म्हणजे याने ठरवलंय," मिस ओलेटा म्हणाल्या. "खोलीला पिवळा रंग दिलाय म्हणे. मला विचारलंसुद्धा नाही."

"आई, तुला साधं बरणीचं झाकण उघडत नाही. दर रविवारी दीड तास गाडी हाकत येतो आणि आधी तुझी काकडीच्या लोणच्याची बरणी उघडून देतो."

मिस ओलेटा उगाच पर्सचा बंद नीट करत बसल्या.

मी दिलेल्या छोट्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, त्यांनी चिमटीत धरून ओढली. ती तसूभरही हलली नाही. मग मी छोटं रिव्हॉल्वर काढलं. त्याला स्लाइड नाही, पण चाप इतका जड की त्यांना दोन्ही हातांची बोटं लावावी लागली आणि नळी सगळ्या भिंतीवरून फिरून आली. लिंडनने गाडीची किल्ली हातात घेतली. मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, स्वतःचाच.

"व्हर्ल," मिस ओलेटा म्हणाल्या, "छोटं म्हणजे सोपं, हे तुला कोणी शिकवलं? मी तर नाही. ते मागचं दांडगं दाखव."

त्यांचं बरोबर होतं. छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग ताठ असते आणि हलकं असल्यामुळे झटकाही जास्त बसतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी सवयीचा गुलाम. मागचं पिस्तूल मोठं, वजनदार, पण मऊ स्प्रिंगचं. ते रिकामं असल्याचं दाखवून मी पुढे ठेवलं.

पहिल्यांदा त्यांनी पुन्हा चिमटीनेच ओढलं आणि बोटं निसटली. मग त्या जरा थांबल्या. नळी भिंतीकडे ठेवून त्यांनी पिस्तूल पोटाजवळ घेतलं, डावा पंजा स्लाइडवर गच्च बसवला आणि ती न ओढता उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकललं, सगळ्या अंगाचा भार देऊन. खटकन स्लाइड मागे गेली.

दुकानामागच्या मैदानात त्यांनी मॅगझिनची, म्हणजे गोळ्यांच्या पेटीची, खुंटी अंगठ्याने दाबून गोळ्या भरल्या आणि पाच झाडल्या. चार निशाण म्हणून लावलेल्या कागदी ताटलीत बसल्या. पाचवी कुठे गेली ते मी विचारलं नाही. मग मी सांगायच्या आधीच त्यांनी पिस्तूल रिकामं करून माझ्यासमोर धरलं, गृहपाठ दाखवावा तसं.

"हे कुठे शिकलीस तू?" लिंडनने विचारलं.

"त्यात शिकायचं काय? झाकण घट्ट धरायचं आणि बरणी फिरवायची." बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

लिंडन त्यांच्याकडे वळला. "म्हणजे बरणी तुला उघडता येते."

"येते."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून." त्या वाकड्या बोटांनी पर्स चाचपू लागल्या. "मी उघडून ठेवली असती तर तू आला असतास?"

मी खरेदीचा फॉर्म शोधायला आत गेलो. फॉर्म खरं तर काउंटरवरच होता. परत आलो तेव्हा लिंडन किल्ली खिशात टाकत होता.

"उद्या अकराला येतो," तो म्हणाला. "बरणीला हात लावू नकोस."