समासातली मुंग्यांची रांग

पेपर तपासणीच्या दिवसांत त्या घरात सकाळी पहिली शोधाशोध व्हायची ती लाल पेनाची. त्याही दिवशी झाली. आईने खिडकीत पाहिलं, फ्रिजवर पाहिलं, उशीखाली पाहिलं. शेवटी ते तिच्याच अंबाड्यात खोचलेलं सापडलं.

"बाई गं, आणि अशा माणसाच्या हातात पोरांचं पास-नापास," लेक म्हणाली.

"डोक्याचा काहीतरी उपयोग झाला की नाही?" असं म्हणत आई अर्धा चहा तसाच ठेवून चपला शोधायला लागली.

जिना उतरताना ती मधल्या वळणावर थांबली. कठड्याला धरून उगाच खालच्या कुंड्यांकडे बघत राहिली. गेले काही दिवस तिला असा दम लागत होता आणि तो ती कुंड्यांच्या नावावर खपवत होती.

"डॉक्टरांनी तपासणी सांगितलीय ना? कधी जायचं?"

"आधी ही तपासणी होऊ दे, मग ती."

"आई, मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. गठ्ठा हातावेगळा झाला की दुसऱ्या दिवशी जाऊ. तूच घेऊन चल, म्हणजे झालं?"

दोघी एकाच विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत. आई निवृत्त झालेली. पण परीक्षक कमी पडत, म्हणून दर परीक्षेनंतर तिला बोलावणं येई. लेक तासिका तत्त्वावर होती. तिची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची, आणि ती व्हायची की नाही हे तपासणी केंद्राच्या प्रमुखांच्या एका शब्दावर होतं. प्रमुखांना आई खुपायची. म्हणून नातं सगळ्यांना ठाऊक असूनही केंद्राच्या दारात पाऊल पडलं की लेक आईला 'आई' म्हणत नसे. 'मॅडम' म्हणे. आई नको तितकी समजूतदार होती. तीही मग लेकीला 'मॅडम'च म्हणे, फक्त म्हणताना डोळे हसायचे.

तपासणीचा हॉल लांबलचक होता. टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलाभोवती चार परीक्षक, समोर सुतळीने बांधलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. कागद उडतात म्हणून खिडक्या बंद आणि छतावरचे पंखेही बंद. हॉलमध्ये वारा हवा असेल तर पंखासरांच्या शेजारी बसावं, अशी थट्टा चाले. हे गृहस्थ या दोघींच्याच टेबलावर होते. पहिलं पान बघायचं, अक्षर बघायचं, मग अंगठ्याने सगळी पानं फर्रकन सोडायची, शेवटच्या पानावर एक नजर, की गुण. त्या फर्रकन जाणाऱ्या पानांचा खरोखरच गालाला वारा लागायचा. माणूस वाईट नव्हता. कोणी आजारी पडलं तर डबा घेऊन सगळ्यांत आधी पोचणारा. पण तो तसा तपासत होता, कारण त्याच्या सरांनी तसंच तपासलं होतं, आणि हॉलमधले बाकीचेही, कमीजास्त वेगाने, तेच करत होते. लेकही.

आई तेवढी वाचायची. एकेक परिच्छेद वाचून झाला की समासात लाल पेनाचा एक बारीक ठिपका ठेवायची. पानभर ते ठिपके खाली उतरत जायचे, रांगेने निघालेल्या मुंग्यांसारखे. म्हणून तिचं मागे नाव पडलं होतं मुंगीबाई. तोंडावरही कोणी चुकून म्हणे. तिला राग येत नसे.

हा नाद तिला उगाच लागला नव्हता. विद्यापीठातली मुलं कशी शिकतात, कशी लिहितात, आणि त्यांच्या लिहिण्याचं आपण काय करतो, यावर तिने उमेदीची वर्षं खर्च केली होती. ती मुलांना कट्ट्यावर, कँटीनमध्ये, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर गाठून एकच विचारायची, "उत्तर लिहायला कशी सुरुवात करतोस?" मुलं आधी लाजायची, मग खरं सांगायची. एका मुलीने सांगितलं होतं, "मॅडम, पहिलं पान तुमच्या नोट्समधलं, शेवटचं पान तुमच्या नोट्समधलं. मध्ये काय लिहायचं ते मी आधीच्या रात्री पाहिलेल्या सिनेमावरून लिहिते. कधी गुण कमी झाले नाहीत."

आई त्या दिवशी जेवली नव्हती. "ती मुलगी आळशी नाहीये गं," ती म्हणाली होती, "हुशार आहे. आपण जे शिकवलं ते बरोबर शिकलीय. मुलं वर्गात आपलं ऐकतात, पण शिकतात आपल्या लाल पेनाकडून."

हे सगळं तिने पुराव्यानिशी लिहून विद्यापीठाला दिलं. विद्यापीठाने कळवलं की निरीक्षणांची नोंद घेण्यात आली आहे. पुढच्या परीक्षेला हॉलमध्ये नियम मात्र नवा आला. चौघांच्या टेबलाचा हिशेब एकत्र. टेबलावरचे सगळे गठ्ठे संपल्याशिवाय कोणालाच बाहेर जायची सही मिळणार नाही. शिस्तीसाठी म्हणे. परिणाम एवढाच झाला, की जो वाचेल तो आपल्याच टेबलाचा वैरी ठरायला लागला.

पेन अंबाड्यात सापडलं त्या दिवशी दुपार कलल्यावर तिघांचे गठ्ठे बांधून झाले. आईच्या समोर अजून ढीग होता. कपाळावर घाम होता. पण तो सगळ्यांच्याच होता. ती दोनदा पाणी प्यायली आणि तिने डावा खांदा चोळला.

केंद्रप्रमुख फेरी मारत आले. "काय मॅडम, झालं का वाचन? परीक्षा आहे ही. कादंबरी नाही."

"कादंबरी असती तर कंटाळवाणी पानं गाळली असती, सर," आई म्हणाली.

शेजारची टेबलंसुद्धा हसली. प्रमुख हसले नाहीत.

"मॅडम, खरंच सांगतो," पंखासर घड्याळाकडे बघत कळवळून म्हणाले, "तुमच्यामुळे आमची रोज बस चुकते. द्या इकडे अर्धा गठ्ठा. एका दमात उडवतो."

"उडवाल, माहीत आहे मला. म्हणूनच देत नाही."

"अहो, पण कोणासाठी एवढं? पोरं तरी कुठे मनापासून लिहितात?"

"कोणी वाचत नाही म्हणून लिहीत नाहीत."

"आणि लिहीत नाहीत म्हणून आम्ही वाचत नाही. चालू द्या, आम्ही बसतो इथेच." चौथ्या खुर्चीवरच्या परीक्षकाने वही आपटली. "मुंगीबाईंचा मोर्चा पोचेपर्यंत."

पुन्हा हशा. आईने लेकीकडे पाहिलं नाही. तिला अडचणीत टाकायचं नाही म्हणून पाहिलं नाही, हे लेकीला कळलं. तिने आपल्या बांधून झालेल्या गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि पुन्हा बांधली.

शेवटी आईच उठून प्रमुखांशी बोलली. "या तिघांना सोडा. मी थांबते, सगळं संपवून जाते." मग टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्हीही निघा. जेवणाचं बघा. मी आले की बसू."

"बरं नाही वाटत का तुम्हाला?"

"गरम होतंय. जा."

आणि लेक गेली.

तिने स्वयंपाक केला, दोन ताटं मांडली आणि वाट पाहत बसली. दिवेलागणीनंतर फोन आला. केंद्राचा शिपाई होता. "ताई, लवकर या. बाई टेबलावर डोकं टेकून आहेत. मी मघाशी पाहिलं, पण मला वाटलं... मला वाटलं वाचतायत."

दवाखान्यात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. "दुपारी आणलं असतं तर..." एवढं म्हणून डॉक्टर चष्मा पुसत बसले.

घरात माणसं आली, गेली. लेक कोणासमोर रडली नाही. तिने आईची पुस्तकं पुसली, चष्मा डबीत ठेवला, चपला कोपऱ्यात लावल्या. फक्त जेवायची वेळ टळून जाई, कारण बसायची वेळ झाली हे तिला कोणी सांगत नसे. वर्षानुवर्षं आई तिच्यासाठी जेवायची थांबायची, आणि ती "तू जेवून घे ना, माझ्यासाठी कशाला थांबतेस" म्हणून चिडायची.

मग केंद्रप्रमुखांचा फोन आला. आवाज मऊ होता. "दुःख मोठं आहे, मान्य. पण एका गठ्ठ्यामुळे सगळा निकाल अडलाय. उद्या शोकसभा ठेवलीय, तुम्ही याच. गठ्ठ्याचंही त्याच वेळी मार्गी लावू."

ती लवकर गेली. हॉल रिकामा होता, खिडक्या बंद. आईच्या खुर्चीसमोर गठ्ठा तसाच होता. वरची उत्तरपत्रिका उघडी. ती आईच्या जागेवर बसली. गठ्ठ्याशेजारी पडलेलं आईचं लाल पेन तिने उचलून आपल्या अंबाड्यात खोचलं.

प्रश्न होता कुटुंबसंस्थेतल्या सत्तेबद्दल. अक्षर वाईट, गिचमीड. पहिल्या पानावर नोट्समधली व्याख्या चुकीची पाठ झालेली, मग खोडलेली, पुन्हा चुकलेली. पंखासरांच्या अंगठ्याला एवढं पुरलं असतं. नापास. पण समासातल्या मुंग्या तिथे थांबल्या नव्हत्या. त्या खाली उतरल्या होत्या, पान उलटून पलीकडे गेल्या होत्या, आणि तिसऱ्या पानाच्या मध्यावर संपल्या होत्या. शेवटचा ठिपका ठिपका नव्हता. तो एक लांब, खाली घसरत गेलेला लाल ओरखडा होता.

ती बराच वेळ त्या ओरखड्याकडे बघत राहिली. मग त्याच्या पुढचं वाचायला लागली.

अर्ध्या पानानंतर त्या मुलाने, किंवा मुलीने, पाठ केलेलं सगळं सोडून दिलं होतं. लिहिलं होतं: 'घरात सत्ता कोणाची हे विचारून कळत नाही. जेवायला कोण कोणासाठी थांबतं ते बघावं. आमच्या घरात आई सगळ्यांसाठी थांबते, आणि तिच्यासाठी कोणीच नाही.' तिथून पुढे एकेक मुद्दा, अडखळत, पण स्वतःच्या पायांनी चाललेला. गेल्या अनेक वर्षांत तिने असं उत्तर पाहिलं नव्हतं. मग तिच्या मनात आलं, की पाहिलं नव्हतं, एवढंच. आलेलं नसेल असं नाही. अशी किती पानं आपल्या अंगठ्याखालून फर्रकन निघून गेली असतील?

आणि आईला हे वाक्य मिळायला अर्धंच पान बाकी होतं.

हॉल भरला. सगळे उभे राहिले. शांतता पाळून झाली. प्रमुख म्हणाले, "मॅडमनी अखेरच्या श्वासापर्यंत कर्तव्य बजावलं. हीच खरी निष्ठा." माना हलल्या. घसा खाकरून ते पुढे म्हणाले, "आता त्यांचं राहिलेलं काम पूर्ण करणं हीच श्रद्धांजली. पंखासर, तेवढा गठ्ठा घ्या."

पंखासरांचे डोळे खरोखर ओले होते. त्यांनी हात पुढे केला. "दे ताई. तू आज बस शांत. पटकन होईल."

तिने गठ्ठ्यावर हात ठेवला. "नाही."

"म्हणजे?" प्रमुखांचा आवाज कोरडा झाला. "तुम्ही करणार का? मग आज संध्याकाळपर्यंत हवा."

"होणार नाही. मी वाचणार आहे. वेळ लागेल."

"मॅडम," ते जवळ येऊन म्हणाले, "तुमच्या दुःखाची मला जाणीव आहे. पण पुढच्या वर्षीच्या नेमणुका माझ्याच टेबलावरून जातात, हेही लक्षात असू द्या."

ते तिच्या चांगलं लक्षात होतं. त्या दुपारी ती सुतळी सोडून पुन्हा बांधत बसली होती ती त्यापायीच. तिने अंबाड्यातलं लाल पेन काढलं. आईच्या ओरखड्याखाली, वाचून झालेल्या परिच्छेदासमोर, एक बारीक ठिपका ठेवला. मग ती उभी राहिली. आवाज चढला नव्हता, तरी शेवटच्या टेबलापर्यंत गेला.

"त्या मॅडम माझी आई होत्या. त्या दुपारी तुम्ही हसलात तेव्हा मी गप्प बसले. तिला निष्ठेने नाही मारलं, सर. मुलांनी लिहिलेलं एकट्या माणसाने वाचायचं आणि बाकीच्यांनी त्याबद्दल त्याच्यावर चिडायचं, या आपल्या रिवाजाने मारलं. आपण सगळे जाणतो आणि कोणी बोलत नाही, म्हणून आज मी बोलते. इथे कोणी वाचत नाही. मीसुद्धा नाही. माझी आई वाचत होती."