सीमेपलीकडचं स्वस्त तिकीट

मित्रांनो, मी एक जुनी कोंबी गाडी आहे. कोंबी म्हणजे मागे लांब डिकी असलेली, सहा बॅगा गिळून वर कुकरही गिळणारी. जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा लाल रंग उन्हात डोळ्यांवर यायचा. आता कसा आहे ते विचारू नका.

बेल्जियमच्या सीमेला लागून असलेल्या आखन गावात मला उज्ज्वलने घेतलं. वर्ध्याहून पीएच.डी.ला आलेला आणि मग इथेच नोकरीला लागलेला माणूस. पहिल्याच दिवशी त्याने आईला, गयाबाईंना, व्हिडिओ कॉलवर मला दाखवलं.

"लय मोठी हाय रे. घर हाय का गाडी?" त्या म्हणाल्या.

माझं खरं काम सुट्टीतलं. शाळांना सुट्टी लागली की जर्मनीतून उडणारी विमानं इतकी महागतात, की मुलाबाळांच्या माणसाने लांबूनच नमस्कार करावा. म्हणून उज्ज्वल सीमेपलीकडची, बेल्जियममधली तिकिटं हुडकायचा. सीमा कसली, रस्त्याकडेची एक निळी पाटी. दीड तासात मी त्याला आणि त्याच्या बायकोमुलाला ब्रसेल्सच्या विमानतळावर सोडायचे. गावातली मराठी कुटुंबं त्याला विचारून तिकिटं काढू लागली. त्याला त्याचा अभिमान होता. मलाही होता, खोटं कशाला बोलू?

एप्रिलमध्ये त्याच्या बहिणीचा, अहिल्याताईंचा, फोन आला. चालत्या गाडीत फोन माझ्याच स्पीकरवर वाजतो, म्हणून सगळं माझ्या कानावर पडतं.

"आई विसरायला लागली आहे. शेजारची माणसं ओळखत नाही. तुला ओळखते तोवर येऊन जा."

फोन बंद झाल्यावर त्याची बायको रोहिणी म्हणाली, "अहो, तुम्ही एकटे जा ना फ्रँकफुर्टहून. याच आठवड्यात."

"एकटा कशाला? आपल्या विहानलाही बघायचंय तिला. आणि उन्हाळ्याचे भाव बघितलेस? ऑक्टोबरच्या सुट्टीत ब्रसेल्सहून निम्म्यात पडतं."

"आई काय शाळेच्या सुट्ट्या बघून विसरणार आहेत?"

तो हसला. त्याच महिन्यात माझी सरकारी तपासणी होती. माझे ब्रेक, माझे दिवे, माझा धूर. ती तारीख मात्र या शहाण्याने चुकवली नाही.

ऑक्टोबर उजाडला. आम्ही निघालो. बेल्जियममधलं लिएज मागे पडलं आणि उज्ज्वलने ताईंना फोन लावला. ताईंनी तो आईच्या हातात दिला.

"आई, निघालो बघ आम्ही."

"कोन बोलते जी?"

"मी उज्ज्वल."

"उज्ज्वल तं जर्मनीले रायते. सुट्टीत येनार हाय थो. तुमी कोन?"

तो आवाज माझ्या चारही स्पीकरमधून येत होता. मला तो बंद करता येत नव्हता.

"मी... त्याच्याच ऑफिसात असतो," उज्ज्वल म्हणाला.

"मंग सांगजा त्याले. तिकीट महाग असन तं घाई नोको करू म्हना. माई तब्येत बरी हाय."

रोहिणी खिडकीबाहेर बघत राहिली. उज्ज्वल ट्रकांच्या मागे ट्रकांच्याच वेगाने चालवत राहिला. मागे हॉर्न वाजले, तरी त्याने वेग वाढवला नाही.

दोन आठवडे मी विमानतळाच्या पार्किंगमध्ये उभी होते. ते परतले, बॅगा चढल्या, पट्टे लागले. मागून आठ वर्षांच्या विहानने जर्मनमध्ये विचारलं, "पप्पा, आजीने आम्हाला स्टीलच्या पेल्यात चहा दिला. तुम्हालाच रोज ती फुलांची कपबशी का?"

"ती पाहुण्यांची असते, बाळा."

किल्ली त्याच्या हातातच होती. रोहिणी खाली उतरली, त्याच्या बाजूला आली आणि म्हणाली, "सरका. मी चालवते."

मित्रांनो, शाळेच्या निबंधातल्या माझ्यासारख्या गाड्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी नाही म्हणणार. मी पत्रा आहे. गंजले तर भंगारात जाईन, कुणाचं काही अडणार नाही. पण घरून कुणी "येऊन जा" म्हणालं, तर त्याच दिवशी, मिळेल त्या भावाने, मिळेल त्या विमानाने निघा. मी दारात उभी राहीन. राहू दे उभी.