केंजी कुठे गेला

संध्याकाळी आमच्या हिवरखेडच्या घरात माय झेंडूचे हार ओवते. तिचं लक्ष सुईवर, शिवाय तिला वाचता येत नाही. म्हणून मोबाईलवरच्या जपानी ॲनिमेत, केंजी नावाच्या पोराच्या कार्टून मालिकेत, खाली आलेलं इंग्रजी कुंदनदादा तिला वऱ्हाडीत सांगायचा. दादाचा ड्रॅगनसुद्धा "काहून बे, कुठं चालला?" म्हणून ओरडायचा! माय हसता हसता सुई टोचून घ्यायची.

मार्चमध्ये दादाला ताप आला आणि तो अकोल्याच्या दवाखान्यातून परत आलाच नाही.

काल माय म्हणाली, "शेवटचा भाग राह्यला न? तू सांग मले." मी तर हरखलेच. यंदा वक्तृत्वात पहिली आलेय मी, ड्रॅगनचा आवाजही काढणार होते!

पण पडद्यावर सगळे एका थडग्याभोवती उभे होते. खाली लिहून आलं, केंजीला जाऊन वर्ष झालं. दादाने तर सांगितलं होतं, केंजी समुद्रापलीकडे राजा झाला!

"काय म्हणून राहिले ते?" मायने विचारलं. मी मोबाईल तिच्यापासून वळवला.

"मागं केंजी गेला त्या भागातबी सारे रडत होते, मले दिसलं न वं. तरी तुह्या दादानं त्याले राजा केलं. तो सांगे तसंच सांग."

"केंजीचं पत्र आलं, माय. बरा आहे तो."

मायने सुई खाली ठेवली. "अजून काय लिहिते?"

पडदा केव्हाच काळा झाला होता. मी सांगत राहिले.