तिसरी खुर्ची

विमानातून माणसं कशी कमी करतात, हे फ्लाइट इंजिनिअरनं डोळ्यांनी पाहिलं होतं. सुरुवातीच्या जेटमध्ये पुढं चौघे बसायचे. मग वाट सांगणाऱ्या नकाशावाल्याचं काम एका डब्याला जमायला लागलं. त्याला कुणी काही बोललं नाही. एका सकाळी त्याची खुर्ची नव्हती, एवढंच. बिचारा दोन फेऱ्या उभ्यानं गेला, मग त्याला नारळ मिळाला.

पुढं इंजिनं चाराची तीन झाली, तिनाची दोन. नव्या विमानात खुर्च्याही दोनच. बावीस वर्षं कडेच्या भिंतीकडं तोंड करून काटे बघणाऱ्या इंजिनिअरला कंपनीनं महिनाअखेरीपासून घरी बसायला सांगितलं.

त्यानंतरच्या फेरीवरून घरी आला, तर तिघांचा सोफा गायब. जागेवर दोघांचा. घरात माणसं तीन: तो, बायको आणि सासूबाई.

आधी खुर्ची जाते, मग माणूस.

"जुन्याला काय झालं होतं?"

"वाटेत येत होता," बायको म्हणाली.

"अकरा वर्षं नाही आला."

"अकरा वर्षं तुम्ही तरी कुठं घरात होता?"

पाणी कुठंतरी मुरत होतं. परीक्षा म्हणून त्यानं चहा उभ्यानं प्यायला. 'बसा' म्हणायचं सोडून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, उभ्यानं पाठ ताठ राहते हो."

त्यानं वहीत नोंदी सुरू केल्या. 'सात दहा: दोघींची कुजबुज. मी येताच बंद. आठ वाजता: बायकोनं मागून माझ्या खांद्यांचं माप घेतलं.' माणसाचं माप शिंपी घेतो, नाहीतर सामान पाठवणारा. बायकोला शिवण येत नव्हतं.

आपल्यावाचून घर अडतं हे दाखवायला तो बोळातल्या विजेच्या मीटरखाली उभा राहू लागला. दर दहा मिनिटांनी गॅस बघून यायचा आणि पुकारायचा, "फ्रिज सुरू. गॅस बंद. सगळं ठीक."

"बरं," बायको म्हणायची. नकाशावाल्यालाही शेवटी सगळे 'बरं'च म्हणायचे.

नोकरीचा शेवटचा दिवस संपवून तो बॅग घेऊन दारात आला आणि थांबला. मीटरखाली, भिंतीकडं तोंड करून, एक खुर्ची होती. तिच्या डाव्या हातावर चहाचा डाग. तो डाग त्यानंच पाडला होता, ढगांत, नोकरीच्या सातव्या वर्षी.

"तुमचं जुनं विमान मागंच मोडीत निघालं ना," बायको म्हणाली. "भंगारवाला पैसे घेईना. त्याला सोफाच हवा होता, तोही आगाऊ."

"आणि माझं माप?"

"या बोळात तुम्ही खुर्चीसकट मावता का, ते बघायला नको?"

तो बसला. मावला. मीटर बरोबर डोळ्यांसमोर आला. तेवढ्यात हाताला खुर्चीचा पट्टा लागला.

"हा कशाला ठेवलाय?"

"सारखे गॅस बघायला उठता," सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या. "लावा."

त्यानं लावला. "फ्रिज सुरू."

"बरं," दोघी एकदम म्हणाल्या. त्याला ते जरा जास्तच जुळून आल्यासारखं वाटलं. पण वही बॅगेत होती, बॅग दारात होती, आणि पट्टा चांगला घट्ट बसला होता.